जगबुडीच्या कथेत आशा कुठनं आणायची?

राजारामपुरीकर:
अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीची 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' परत वाचली. १९५० ची कथा. अणुबॉम्बनं कॅलिफोर्नियातलं आख्खं गाव संपलंय, एक यांत्रिक घर तेवढं उभं आहे. नाश्ता बनवतंय, आंघोळीचं पाणी काढतंय. घरातली माणसं बाहेरच्या भिंतीवर नुसत्या आकृत्या होऊन उरलीत. तरी मला यात आशा दिसते. ही कथा ज्यात आहे त्या 'द मार्शियन क्रॉनिकल्स' पुस्तकात या दिवसाची तारीख ४ ऑगस्ट २०२६ होती. १९९७ च्या आवृत्तीत ती २०५७ केली. म्हणजे लेखकाची भीती खरी ठरली नाही, प्रलय पुढं ढकलावा लागला!

रंकाळा_चौपाटी:
दादा, तारखा बॉम्बमुळं नाही बदलल्या. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण जानेवारी १९९९ चं, मंगळावर यान सुटण्याचं. ते साल तोंडावर आलं आणि यानाचा पत्ता नाही, म्हणून सगळंच ३१ वर्षं सरकवलं. यात कसली आलीय आशा? बॉम्ब आहेत तिथंच आहेत.

नदीकाठचा:
मी पाण्यावर अडतो. त्या घरानं कुणी नसताना रोज टब भरले, भांडी धुतली. शेवटी आग लागली तेव्हा टाकी रिकामी. हे वाचून आमची कोल्हापूरजवळची, पंचगंगेच्या काठची चिखली आठवली. २०१९ च्या पुरात आम्ही २००५ च्या पुराच्या खुणा धरून बसलो, पाणी त्याच्या वर गेलं. २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे धोका पातळी, व्हायची वाट न बघता म्हशी हलवल्या. कथा वाचणारा अजून जिवंत आहे, तोवर टाकीत पाणी राखता येतंय. मला एवढी आशा पुरते.

रंकाळा_चौपाटी:
ही चिखलीकरांची आशा झाली, कथेची नव्हे. कथेत इशारा ऐकायला कुणी शिल्लकच नाही. आणि पंचगंगा फूट-फूट चढते, बॉम्बला कुठली आलीय इशारा पातळी?

राजारामपुरीकर:
तारखेचं मान्य, पण नदीकाठचा म्हणतोय तेच मला म्हणायचं होतं. कथेत एक कविताही आहे, माणूस संपला तरी बेडूक गातील म्हणणारी.

रंकाळा_चौपाटी:
बेडकांच्या गाण्याचं कौतुक करायला राहणार कोण? आणि ते कुत्रं विसरला काय? मरतुकडं होऊन घरी आलं, मालकांना शोधत दारोदार फिरलं, मेलं. आणि साफसफाईच्या यांत्रिक उंदरांनी भट्टीत टाकलं. त्यात आशा दाखवा, मिसळ माझ्याकडून. कट जादा!