अनुभव द्या : तुमच्या सोसायटीतली बिनपुस्तकांची लायब्ररी

अमेरिकेतल्या हडसन गावात टॉड बोल यांनी २००९ साली, शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत, शाळेच्या आकाराची छोटी पेटी अंगणात उभी केली आणि त्यात फुकट न्यायला पुस्तकं ठेवली. ती टूम जगभर पसरली. ठाण्याला पुस्तकांचं अप्रूप नाही, आपलं मराठी ग्रंथ संग्रहालयच १८९३चं. म्हणून इथे पुस्तकं सोडून बोलू. आमच्या पाचपाखाडीत जिन्याखाली असं एक कपाट आहे. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू त्यात परत येतात, रोजच्या वापरातल्या गेल्या की गेल्या. तुमच्याकडे काय फिरतं?

नौपाडा
मावळे! मीटरच्या खोलीत जुन्या टीव्हीचा खोका आहे, तो वसुबारसेला उघडतो. तोफा, भालदार, गवळणी, हात तुटलेला वासुदेव. महाराज मात्र ज्याचे त्याने आणायचे, सिंहासनावर उसने महाराज बसवायला एकही पोर तयार नसतं. गुहेतला वाघ एकच, त्यावरून गेल्या दिवाळीत ए आणि बी विंगमध्ये रीतसर तह झाला : नरक चतुर्दशीपर्यंत ए, पाडव्यापासून बी. मधल्या दिवसाचं भांडण अजून चालू आहे.

ऐरोली
पितळी सोऱ्या आणि मोठं मोदकपात्र. सोऱ्या परत येतो, चकलीची चकती येत नाही. सासूबाईंनी शेवटी उरलेल्या चकत्या नाडीत ओवून सोऱ्यालाच बांधल्या. आणि बायांनो, घासून देत जा! भोकांत वाळलेली भाजणी टाचणीने उकरावी लागते.

ठाणे स्टेशनजवळ
छत्र्या ठेवल्या होत्या, बंद पडलं. सकाळी पाऊस म्हणून छत्री स्टेशनकडे जाते, संध्याकाळी ऊन पडलं की ऑफिसातच राहते. जुलैत स्टँड रिकामा.

खारघर
गच्चीच्या दाराशी बियांचा डबा. पाकिटावर बी कधी धरलं तो महिना लिहायचा, बी चांगलं वाळवूनच ठेवायचं. घेवडा, वाल बिनधास्त द्या-घ्या. काकडी-भोपळ्याचं जरा जपून, मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणतात आणि पुढच्या वर्षी भलतंच फळ लागतं. हायब्रीड पाकिटातल्या भाजीचं बी धरू नका, पुढच्या पिढीत ते तसंच उतरत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक घरातून उभी केली, २०२०ला पद्मश्री मिळाली. आमचा डबा बिस्किटांचा आहे, पण गेल्या पावसाळ्यात तीन मजल्यांवर एकाच वेलीचा घेवडा लागला होता.

वाशी
शिडी आणि ड्रिल मशीन, वॉचमनकाकांकडे वही. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाकडून १९७९पासून अवजारं उसनी मिळतात म्हणे, म्हणजे आम्ही काही वेगळं करत नाही. एकच नियम : दुपारी दोन ते चार ड्रिल मिळणार नाही.

सीवूड्स
जिगसॉ पझल. खोक्यावर चिठ्ठी लावतो : 'आकाशाचा एक तुकडा कमी आहे.' तरी लोक नेतात.

कोपरखैरणे
आमच्याकडे लायब्ररी वगैरे नाही. पण ऐरोलीच्या ताई, तुमच्या चकतीचं माप सांगाल का? इथे एक पितळी चकती दोन दिवाळ्या नुसतीच पडून आहे, कोणाची ते कळत नाही.