मदत हवी आहे : एकच लिम-कायनेज, मग पेशीचे आकार दोन कसे?

नमस्कार. मी अमळनेर परिसरातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या वर्गाला पेशीजीवशास्त्र शिकवतो. चोपड्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मला हवे आहे.

ऱ्हो-ए हे प्रथिन जीटीपी या रेणूला बांधले गेले की ते रॉक या कायनेजला (म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला) सक्रिय करते. रॉक मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवते आणि तो फॉस्फेट उतरवणाऱ्या फॉस्फटेजलाही रोखते. त्यामुळे आकुंचनाचा जोर वाढतो आणि टिकतोही. शिवाय रॉक लिम-कायनेज या दुसऱ्या कायनेजच्या ५०८ व्या जागेवरील थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवून त्याला जागे करते, आणि लिम-कायनेज कोफिलिन या प्रथिनाच्या तिसऱ्या जागेवरील सेरिनवर फॉस्फेट चढवते. असे कोफिलिन पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू तोडू शकत नाही, म्हणून तंतू टिकतात आणि त्यांचे जाड जुडगे बनतात. इथपर्यंत वर्गाला पटते.

परंतु ऱ्हो-एच्याच कुळातील रॅक आणि सीडीसी-४२ या प्रथिनांच्या हुकमतीखालचे पाक हे कायनेजही त्याच लिम-कायनेजच्या त्याच थ्रिओनिनवर फॉस्फेट चढवते. रिडली आणि हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवले की ऱ्होमुळे ताणतंतू (अ‍ॅक्टिनचे ते जाड जुडगे) तयार होतात, तर रॅकमुळे पेशीची कड पसरट होऊन पुढे सरकते. शेवटची पायरी सामाईक असताना परिणाम इतके वेगळे का, हा तिचा प्रश्न आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

माझा तर्क असा : रॅक पुढच्या कडेला आर्प-२/३ या प्रथिनसंकुलामार्फत अ‍ॅक्टिनच्या तंतूंना नव्या फांद्या फुटवतो, पाक मायोसिन हलकी साखळी कायनेजला आवरते, आणि स्लिंगशॉट हे फॉस्फटेज कोफिलिनवरचा फॉस्फेट उतरवून त्याला पुन्हा कामाला लावते, म्हणजे कडेला कोफिलिन कायमचे बंद राहत नाही, ते चालू-बंद होत राहते. रॉककडे मात्र आकुंचनाची जोड असते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे, की लिम-कायनेज पेशीत नेमके कोठे सक्रिय होते याचाही स्वतंत्र विचार करावा लागतो?

दुसरी विनंती प्रात्यक्षिकाची. फलकावरच्या बाणांनी हा विषय मनात ठसत नाही. रॉकला रोखणारे वाय-२७६३२ दिलेल्या आणि न दिलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशी फॅलॉइडिन या अ‍ॅक्टिनला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने रंगवून शेजारी-शेजारी दाखवता आल्या, तर फरक डोळ्यांनी दिसेल. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार भागात कोणाकडे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आणि पेशीसंवर्धनाची सोय असल्यास, विद्यार्थ्यांना एक दिवस येऊ देता येईल का, हे कृपया कळवावे.