४५० आकाराचे आरसी (रिमोटवर उडणारे) हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडवताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर):
नमस्कार. माझ्या पुतण्याने साठवलेल्या पैशांतून ४५० आकाराचे जुने आरसी हेलिकॉप्टर विकत घेतले आहे. आजवर त्याने फक्त घरात उडणारे, तळहातावर मावणारे खेळणे हाताळले आहे. संध्याकाळी गांधी मैदानावर जाऊ, असा त्याचा हट्ट आहे. परंतु तिथे मुले क्रिकेट खेळत असतात आणि त्या पात्यांची धार पाहिल्यापासून माझे मन धजावत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कळंबा):
आपली धास्ती रास्त आहे, गांधी मैदान नकोच. या आकाराच्या हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्यांचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असतो. ती मिनिटाला २,८०० फेरे घेऊ लागली की टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून मोकळे माळरान निवडावे, मागे कोणी उभे नाही याची खात्री करावी आणि स्वतः किमान दहा पावले दूर उभे राहावे.

मात्र माझ्या अनुभवात खरा धोका हवेत कमी आणि जमिनीवर जास्त असतो. चार वर्षांपूर्वी गवतात आडवे झालेले हेलिकॉप्टर उचलायला मी वाकलो, गळ्यात अडकवलेल्या रिमोटची थ्रॉटलची (पात्यांचा वेग वाढवणारी) दांडी शर्टाच्या बाहीला लागून वर सरकली आणि पात्याने मनगटाच्या वर सात टाक्यांची जखम केली. थ्रॉटल होल्डचे, म्हणजे दांडी हलली तरी मोटर बंद ठेवणारे, बटण मी दाबलेच नव्हते. ते बटण दाबून, पाती पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जवळ जायचे नाही, हे पुतण्याकडून पाठ करून घ्या. तसेच आधी रिमोट चालू करून मगच हेलिकॉप्टरची बॅटरी जोडावी, आणि बंद करताना आधी बॅटरी काढावी.

यंत्र जुने असल्याने पात्यांना बारीक चीर आहे का, पात्यांचे बोल्ट ढिले आहेत का, हे प्रत्येक वेळी पाहावे. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते की नाही, हे पाती काढून ठेवून एकदा तपासावे.

उत्तर (उचगाव):
जागेबद्दल एक भर घालतो. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने आमच्या बाजूचे माळ रिकामे दिसले तरी तिथे उडवू नये. ड्रोन नियम २०२१ अशा मॉडेललाही लागू आहेत. निघण्यापूर्वी हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहावा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची आणि पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सिम्युलेटरवर सराव करण्याचा उपयोग होतो का?

उत्तर (कळंबा):
फारच होतो. हेलिकॉप्टरचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते आणि नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो. तो गोंधळ संगणकावर निस्तरलेला बरा. माळावर गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस शेपटी आपल्याकडे ठेवून, ट्रेनिंग गिअर (कलंडू नये म्हणून खाली बांधायच्या आडव्या काड्या) लावून, कमरेइतक्या उंचीवर स्थिर ठेवण्याचाच सराव करावा, तोही वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्ज करू नये, आणि चांगली बॅटरीही रात्री चार्जिंगला लावून झोपू नये.