.५४ ची ठासणीची बंदूक आणि कोडियाकचं अस्वल: गोल गोळी पुरेल का?

टोपीबार
बंदूक टोपीची (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी), .५४ कॅलिबर (नळीच्या आतला व्यास, इंचात), नळी ३२ इंची, ट्विस्ट १:६६ (आतला पीळ ६६ इंचांत एक फेरा घेतो). गोळी .५३०, शुद्ध मऊ शिशाची, गोळीभोवतीची चिंधी .०१८ इंच जाडीची, दारू ९० ग्रेन (सुमारे सहा ग्रॅम) एफएफजी, म्हणजे मध्यम दाण्याची काळी दारू. टेकू घेऊन ५० यार्डांवर पाचही गोळ्या तीन इंचांत बसतात. शिकार अलास्कात, कोडियाक बेटावर, तपकिरी अस्वलाची. परवाना आणि गाईड ठरलेले आहेत.
एक, गोळी .५३० ची म्हणजे तिथल्या किमान .५४ च्या नियमात अडकते का? दोन, दारू १२० ग्रेनपर्यंत वाढवून १०० यार्डांवरून मारता येईल का? तीन, तिथल्या सततच्या पावसात बार फुसका जाऊ नये म्हणून काय करायचं?

गज_आणि_नळी
नियमात अडकत नाही. अलास्कात तपकिरी अस्वलासाठी ठासणीची रायफल .५४ किंवा मोठी हवी, नाहीतर .४५ पासून पुढची आणि किमान २५० ग्रेनची लांबट गोळी हवी. कॅलिबर नळीचं मोजतात, गोळीचं नाही. चिंधीला जागा हवी म्हणून गोळी नेहमीच थोडी बारीक असते.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही. .५३० ची गोळी भरते सुमारे २२४ ग्रेन. ९०-१०० ग्रेन दारूवर ती तोंडातून साधारण १६०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते आणि १०० यार्डांवर हजाराच्या आसपास येते. गोल गोळीला हवा फार खाते. ३० ग्रेन दारू वाढवलीत तर तोंडापाशी वेग वाढलेला दिसेल, पण १०० यार्डांवर त्यातलं फारच थोडं उरेल. धक्का आणि धूर मात्र पूर्ण मिळेल, वर चिंध्या जळायला लागतील. शिवाय नळी बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

ताकद हवी असेल तर ती कॅलिबरमधून येते. .६१० ची गोळी (.६२ ची नळी) सुमारे ३४२ ग्रेन भरते. व्यास १५ टक्के जास्त, वजन मात्र दीडपट. दुसरी बंदूक घेणं शक्य नसेल तर अंतर कमी करा. ५० यार्ड ही हद्द धरा, ३५ मिळाले तर उत्तम.

एक बदल मात्र नक्की करा. मऊ शिशाची गोळी हरणावर छान पसरते. अस्वलाच्या जाड चरबीत आणि फऱ्याच्या (खांद्याच्या) स्नायूंत तेच पसरणं नडतं, गोळी चपटी होऊन अर्ध्यावर थांबते. वीस भाग शिशाला एक भाग कथील घालून थोडी कडक गोळी ओता. कडक गोळी साच्यातून किंचित मोठी निघते आणि वजनाला किंचित हलकी भरते, म्हणून ठासताना घट्ट जाते. .५३५ चा साचा वापरूच नका, .५३० बरोबर आहे. भरण पुन्हा कागदावर तपासा, निशाणा सरकतो. झाडलेल्या चिंध्या गोळा करून बघा: मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे किंवा चिंधी पातळ आहे, कडेला चिरली असेल तर नळीच्या तोंडाची धार लागते आहे.

कोनिकलवाला
गोल गोळीचा एवढा हट्ट का? .५४ ची लांबट गोळी ४०० ग्रेनच्या वर मिळते. आत शिरण्यात गोल गोळी तिच्या जवळपासही येत नाही.

गज_आणि_नळी
आत शिरण्याबद्दल तुमचं बरोबर. पण नळी १:६६ ची आहे. एवढा मंद पीळ लांबट गोळीला पुरेसा फिरवत नाही, ५० यार्डांवरच गोळ्या विखुरतात. १:४८ किंवा त्याहून घट्ट पीळ असता तर मीही लांबटच सुचवली असती.
दुसरा धोका म्हणजे लांबट गोळीला चिंधीची पकड नसते. बंदूक तोंड खाली करून खांद्याला लटकवली, बोटीत आपटली, की गोळी दारूवरून पुढे सरकते. मध्ये पोकळी राहिली की बार काढताना ती गोळी नळीतल्या बुचासारखी वागते. नळी फुगते, कधी फाटते. ज्यांना लांबटच वापरायची आहे त्यांनी गजावर भरलेल्या नळीची खूण करावी आणि दर तासाला गज घालून ती जुळते का बघावं. (ही खूण गोल गोळीवाल्यांनीही करावी. दारू न घालता गोळी ठासणारे आणि दोनदा दारू घालणारे, दोघेही तिच्यामुळे वाचतात.)

कोरडी_दारू
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फुसका बार बहुतेक वेळा पावसाने जात नाही, तेलाने जातो. साफ करून ठेवलेल्या नळीतलं तेल निपलच्या (जिच्यावर टोपी बसते त्या पोकळ बोंडीच्या) वाटेत उतरून बसतं. भरण्याआधी नळी अल्कोहोलच्या चिंधीने पुसा, कोरडी चिंधी फिरवा, निपल काढून वाट तारेने मोकळी करा. मग रिकाम्या बंदुकीला टोपी लावून नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरा आणि टोपी उडवा. पातं जोरात हललं तर वाट मोकळी. नुसतं टक झालं आणि पातं जागचं हललं नाही, तर पुन्हा तार घाला.

भरल्यावर नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी किंवा छोटा फुगा. बार तसाच काढायचा. गोळीपुढची हवाच पट्टी उडवते, निशाण्यात फरक पडत नाही. टोपी निपलवर घट्ट दाबून बसवा आणि कडेने मेण-चरबीची बारीक वळी फिरवा. टोपीच्या आत मेण जाता कामा नये. चिंधीलाही मेण-चरबीचंच वंगण लावा. पाण्यासारखी पातळ वंगणं चांदमारीला ठीक; नळीत दिवसभर राहिली तर खालची दारू ओलावते.

रात्री बंदूक गरम तंबूत आणू नका. थंड लोखंडाला आतून घाम फुटतो आणि दारू काळी पेस्ट होते. टोपी काढून बाहेरच्या छपराखाली ठेवा. दिवसभर भिजली असेल तर भरण विश्वासाची राहत नाही. बार काढून रिकामी केलीत तर आसपासची अस्वलं उठून जातील, म्हणून निपलवर बसणारा कार्बन डायऑक्साइडचा डिस्चार्जर जवळ ठेवा; तो गोळी आणि दारू दाबाने बाहेर ढकलतो. तेव्हाही तोंड सुरक्षित दिशेलाच.
चकमकीच्या बंदुकीबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: कोडियाकच्या पावसात रंजक (ठिणगी पकडणारी बाहेरची चिमूटभर दारू) कोरडी ठेवणं म्हणजे दिवसभर तेवढंच काम.

टोपीबार
गोळी कडक करतो, अंतर ४० यार्ड. नेम कुठे धरायचा? काडतुसाच्या रायफलीने शिकार करणारे 'फरा मोडा' म्हणतात.

माग
तो सल्ला .३७५ सारख्या जबर काडतुसाच्या रायफलीसाठी आहे. गोल गोळीने फऱ्याचं हाड फुटेलच असं नाही, आणि फुटलं तरी पुढे फुप्फुसापर्यंत जाईल याचा भरवसा नाही. अस्वल पूर्ण आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं हवं, अलीकडचा पुढचा पाय पुढे पडलेला हवा. त्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि अंगाच्या मध्यरेषेच्या जरा खाली थांबा. दिसणाऱ्या आकारावरून मध्य काढू नका. वर खांद्याचं वशिंड आणि खाली लोंबणारे केस, दोन्ही फसवतात. समोरून किंवा डोक्यावर बार नाही. कवटी उतरती आहे, वर स्नायूंचा जाड थर आहे.

वर्मी लागूनही ते जागेवर पडेल अशी अपेक्षा नको. ५ मे १८०५ ला मिसुरी नदीकाठी लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने एका ग्रिझलीला ठासणीच्या बंदुकांच्या दहा गोळ्या घातल्या. पाच फुप्फुसांतून गेल्या होत्या, तरी ते अर्ध्याहून जास्त नदी पोहून गेलं आणि मरायला वीस मिनिटं तरी लागली. म्हणून गोळी आरपार जायला हवी. एकच भोक असेल तर चरबी आणि केस ते बुजवतात आणि रक्ताचा माग लागत नाही.

बार निघाल्यावर समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि दमट हवेत तो हलत नाही. एक पाऊल बाजूला सरा, खाली वाका, अस्वल कुठल्या झुडपात गेलं ते नजरेने धरा. मग जागेवरच पुन्हा भरा. रिकाम्या बंदुकीने एक पाऊलही पुढे नको. दुसरी गोळी काजळीमुळे अडते, त्यासाठी .०१५ ची पातळ चिंधी वेगळ्या खिशात ठेवा. घाई न करता अर्धा-एक मिनिट जातंच, म्हणजे धावून येणाऱ्या अस्वलापुढे दुसरा बार नाही असंच समजा.

त्यामुळे गाईडशी आधीच बोलून घ्या: तुमच्या बारानंतर तो कधी झाडणार. 'अस्वल पडलं नाही तर लगेच' हे उत्तर अभिमानाला झोंबतं, पण तेच मान्य करा. कोडियाकवर जायबंदी झालेलं अस्वल तुमच्या कोट्यातलं धरलं जातं, हातात आलं नाही तरी.

कोरडी_दारू
राहिलंच. अमेरिकेत विमानात काळी दारू आणि टोप्या चालत नाहीत, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनलाही नाही. त्या अलास्कात पोचल्यावर घ्याव्या लागतील. वेगळ्या बनावटीची दारू हाती आली तर त्याच मापाचा बार वेगळा लागतो, तेव्हा बेटावर जाण्याआधी दहा-बारा गोळ्या कागदावर मारायला एक दिवस राखून ठेवा.