पुण्यातील बंगल्याचे रेंडर: सावल्या प्रमाणाबाहेर लांब आणि दिवाणखाना काळोखा का दिसतो?

रेखाकार:
पुण्यातील एका दुमजली बंगल्याचे मॉडेल मी स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले असून व्ही-रे या त्याला जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करीत आहे, म्हणजे मॉडेलवरून छायाचित्रासारखे चित्र काढत आहे. दिवाणखान्याची मोठी खिडकी दक्षिणेला आहे आणि तिच्यावर ६० सेंटिमीटरचा छज्जा आहे. २१ डिसेंबरच्या दुपारी ऊन आत कुठपर्यंत येते हे घरमालकांना पाहायचे आहे. मात्र त्या वेळी गच्चीच्या एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ दोन मीटर पडते आणि ते मला पटत नाही. शिवाय सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसतात. बाहेरची भिंत नीट उजळली की दिवाणखाना काळा पडतो, आणि सभोवतालचा प्रकाश वाढवला की सगळे चित्र सपाट होते. स्केचअपमधील 'लाइट' आणि 'डार्क' या पट्ट्या सरकवूनही रेंडरमध्ये काहीच फरक पडत नाही. नेमके काय बदलावे?

उत्तरायण:
त्या दोन पट्ट्या फक्त स्केचअपच्या पडद्यावरील दृश्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांना हात लावून उपयोग नाही. व्ही-रे तेथून सूर्याची जागा तेवढी घेते, आणि तुमच्याकडे तीच चुकलेली असावी. मॉडेलला ठिकाण दिलेले नसेल तर स्केचअप ते अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर येथे आहे असे धरते. बोल्डरचे अक्षांश सुमारे ४० अंश उत्तर आहेत. तेथे २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण २६.६ अंशांवर असतो आणि एक मीटरच्या कठड्याची सावली दोन मीटर पडते. तुमचा आकडा हाच आहे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश असल्यामुळे त्याच दिवशी येथे सूर्य ४८ अंशांवर येतो आणि सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडायला हवी.

'मॉडेल इन्फो'मधील 'जिओ-लोकेशन'मध्ये पुणे द्या, सावल्यांच्या पॅनेलमध्ये वेळेचा पट्टा जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) पुढे साडेपाच तास आहे ना ते तपासा आणि मॉडेलची उत्तर दिशा नकाशाशी जुळवून घ्या. मग मोकळ्या जमिनीवर एक मीटरचा खांब उभा करा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली असल्याने पुण्यातील खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर होते, २१ डिसेंबरला साधारण बारा वाजून ३३ मिनिटांनी. त्या क्षणी खांबाची सावली नेमकी उत्तरेकडे पडली पाहिजे. ही चाचणी जमल्याशिवाय प्रकाशाची दुसरी कोणतीही सेटिंग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशोब बरोबर झाला की २१ डिसेंबरच्या मध्यान्ही दिवाणखान्याच्या छज्ज्याची सावली खिडकीवर सुमारे ६७ सेंटिमीटर खाली येईल आणि त्याखालून ऊन आत शिरेल. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र पुण्यातील मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा दुपारचे थेट ऊन येणारच नाही. ते दाखवावेसे वाटले तरी दाखवू नका.

कवडसा:
कडांविषयी लिहितो. सूर्याचा व्यास आपल्याला सुमारे अर्धा अंश दिसतो, म्हणून उपछायेची, म्हणजे सावलीच्या कडेच्या फिकट पट्ट्याची, रुंदी अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते. खिडकीच्या चौकटीपासून एक मीटरवर ती एक सेंटिमीटरही भरत नाही, तर सहा मीटर उंच छपराच्या कडेची सावली जमिनीवर किमान पाच-सहा सेंटिमीटर विरघळते. म्हणजे जवळच्या कडा धारदार असणे खरेच आहे. व्ही-रेच्या सूर्याचा 'साइज मल्टिप्लायर' (सूर्याचा आकार किती पट धरायचा तो आकडा) एकावरून तीन-चारपर्यंत नेला तर कडा डोळ्याला सुखावतात. त्यापलीकडे गेलात तर ऊन खोटे वाटू लागते.

आतल्या काळोखासाठी मी आयताकृती दिवे छताजवळ लावतो, त्यांची तीव्रता कमी ठेवतो आणि ते कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे करतो.

उत्तरायण:
दिव्यांशी मी सहमत नाही, निदान पहिल्या पायरीला तरी नाही. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश असतो आणि खिडकीपासून दूर आत काही शे लक्सच उरतो. एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा त्या एकाच मापात, दोन्ही मावत नाहीत, हे कोणत्याही छायाचित्रकाराला ठाऊक असते. बाहेरच्या दृश्याला एक्स्पोजर मूल्य १४ ते १५ लागते; हा आकडा जितका लहान, तितके चित्र उजळ. आतल्या दृश्यासाठी ते ८ ते ९ पर्यंत उतरवावे आणि खिडकीबाहेरचे दृश्य थोडे जास्त उजळले तर अतिउजळ भाग दाबणारी 'हायलाइट बर्न' ही सेटिंग कमी करून आवरावे. काच सावली टाकत नाही ना आणि भिंतीचा पांढरा रंग २५५ वर, म्हणजे कमाल शुभ्रतेवर, ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. साधी पांढरी भिंत सुमारे ८० टक्के प्रकाश परावर्तित करते. तिला शंभर टक्के केले की प्रकाश खोलीत उसळत राहतो आणि कोपऱ्यांतील सावली नाहीशी होते. तुमच्या चित्राच्या सपाटपणाला याचाही हातभार असू शकेल. एवढे करूनही एखादा कोपरा बुजत असेल तर कवडसा म्हणतात तसा एक दिवा जरूर लावावा.

रेखाकार:
पुणे दिल्यावर खांबाची सावली ९० सेंटिमीटर आली आणि उत्तरेलाच पडली. मूल्य ९ ठेवल्यावर दिवाणखानाही उजळला. आता प्रश्न पश्चिमेच्या शयनगृहाचा आहे. तेथेही ६० सेंटिमीटरचाच छज्जा आहे, पण एप्रिलमधील संध्याकाळच्या रेंडरमध्ये तो जवळजवळ निरुपयोगी दिसतो. पुन्हा कुठली सेटिंग राहिली आहे का?

कवडसा:
सेटिंग ठीक आहे. एप्रिलच्या मध्यात संध्याकाळी साडेपाचला पुण्यात सूर्य सुमारे १८ अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो, त्यामुळे छज्ज्याची सावली खिडकीवर २० सेंटिमीटरच उतरते. रेंडर खरे सांगत आहे. खिडकीबाहेर सरकत्या झडपा किंवा तिरक्या उभ्या पट्ट्या आखून पाहा आणि तीच वेळ ठेवून पुन्हा रेंडर करा.