मदत हवी आहे: फरीना (दक्षिण ऑस्ट्रेलिया), कराचीचे उंटवाले आणि मुंबईतलं दफ्तर

नमस्कार मंडळी,

मी अ‍ॅडलेडला असते. मागच्या जुलैत फ्लिंडर्सच्या डोंगरांपलीकडे फरीनाला जाऊन आले, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

फरीना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. १८७८ मध्ये गाव आखलं तेव्हा नाव होतं गव्हर्नमेंट गम्स. लागोपाठ बऱ्या पावसाची वर्षं गेली, लोकांना वाटलं गहू उदंड होणार, आणि नाव बदललं. खरं तर सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ मध्येच नकाशावर रेघ मारून दिली होती: हिच्या उत्तरेला पेरणीच्या भानगडीत पडू नका. फरीना त्या रेघेच्या कितीतरी वर, वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. पण ‘नांगर चालला की मागोमाग पाऊस येतो’ यावर तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास! (माझ्या आजोबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला असता.) दुष्काळ पडला, गहू गेला. १८८२ ला रेल्वे आली म्हणून गाव तगलं. १९८० च्या दशकात तीही बंद झाली. आता पडक्या भिंती आणि धुराडी. हिवाळ्यात मात्र स्वयंसेवक येऊन जमिनीखालची जुनी बेकरी चालवतात. पायऱ्या उतरताना लाकडाच्या भट्टीची धग तोंडावर येते. गहू न झालेल्या गावात पाव झकास मिळतो.

आता मूळ प्रश्न. तिथल्या दफनभूमीत उंटवाल्यांच्याही कबरी आहेत. इथे त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणतात, पण बलुचिस्तान, सिंध, पंजाबातलेही बरेच होते. १८६६ मध्ये शंभरावर उंट आणि ३१ माणसं कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरली. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात!

म्हणजे काही कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात असू शकतील का? तिथे कोणी काम केलंय? कराची बंदराचे, उंट परदेशी पाठवण्याचे कागद कुठल्या खात्याच्या दफ्तरात शोधायचे? परवानगी आधी काढावी लागते का? फोटो काढू देतात की हातानेच उतरवून घ्यायचं?

डिसेंबरात दहाच दिवस मुंबईत आहे, त्यातले चार लग्नात जाणार. शिवाय कुणाला उर्दू-फारसी वाचता येत असेल तर कळवा, कबरींवरच्या अक्षरांचे फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते. वाऱ्याने बरीच झिजलीत.