जॉनचं धावणं पटतं, सान्साचं गप्प बसणं नाही

'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतल्या 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' या लढाईत जॉन एकटाच रिकनकडे घोडा फेकतो तो मूर्खपणा, हे मत पटलं नाही. धाकट्या भावावर बाण सुटताना शांत राहिला असता तर तो जॉन कसला! बाण सोडणाऱ्या शत्रूने, रॅमसेने, नेमकं तेच हेरलं. (रिकन सरळ रेषेतच का पळाला, देव जाणे.) रॅमसेच्या सैन्याने घातलेला ढालींचा वेढाही जमून आलाय, तो हॅनिबलने रोमन सैन्याला घेरलं त्या इ.स.पू. २१६च्या कॅनीच्या लढाईवरून सुचलेला. खटकते ती जॉनची बहीण सान्सा. व्हेल प्रांताचं घोडदळ मदतीला येऊ शकतं हे आधी बोलायला काय झालं होतं?

पण याच मालिकेतली २०१९ची, मृतांच्या सैन्याविरुद्धची विंटरफेलची लढाई म्हणजे आनंदच. दोथराकी घोडेस्वार थेट काळोखात सोडले, आगीचे गोळे फेकणारी यंत्रं पायदळाच्याही पुढे आणि खंदक सगळ्यांच्या मागे! तिथे कोणाचा स्वभाव आडवा आला होता?